जरा पालथं कर

आमच्या आईच्या हातात कुठलंही भरतकाम द्या, ती ते आधी पालथं करते. सुलट बाजूचा मोर, त्याचा पिसारा, पिसाऱ्यातले रंग हे सगळं पाहुण्यांसाठी. आई बघते त्या मागच्या गाठी, लोंबणारी टोकं आणि दोरा न तोडता एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या उड्या. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे झाल्यावर रिवाजाप्रमाणे भिंतीवरचे दोन राजहंस दाखवण्यात आले. "मुलीनं स्वतः भरलेत." आई उठली, खिळ्यावरून फ्रेम उतरवली आणि पालथी केली. मागं पुठ्ठा होता. आईनं तोही काढला. पसंती झाली, लग्न झालं, संसार झाला. पण बायको तो पुठ्ठा अजून विसरलेली नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की निवृत्तीनंतर मी स्वतः भरतकाम करायला घेतलं. तेही साधंसुधं नाही, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं. हा छंद असलेल्या माणसानं ज्या घरात राहू नये, नेमक्या त्याच घरात मी राहतो.

नोकरीची शेवटची वर्षं मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नाकारायचा मला पगार मिळायचा. सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं. हे सांगावं लागतं, कारण बारामती तालुक्यातही एक सुपं आहे, आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीतलं असल्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात तेच येतं. आमच्या वाट्याला कारखाने, डोंगरावरच्या पवनचक्क्या आणि वारा. निवृत्त झालो तेव्हा मित्र म्हणाले, "मजा आहे. जात्यातले रडतात, सुप्यातले हसतात." पहिले तीन महिने मी घरातल्या वस्तू नाकारल्या. पोळीची जाडी कडेला वेगळी आणि मध्ये वेगळी येते, हे कॅलिपर लावून सिद्ध केलं, त्या दिवशी बायकोनं लंडनला मुलीला फोन केला, "बाबांना महिनाभर तिकडे घेऊन जा."

नोव्हेंबरात गेलो. पाऊस, थंडी, मुलगी ऑफिसात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला तिकीट नाही, ही गोष्ट कळल्यावर माझी इतिहासाची आवड एकदम वाढली. तिथे एका काचेमागे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची बायकांची टोपी होती. तिला कॉइफ म्हणतात. पांढरं लिनन आणि त्यावर काळ्या रेशमाच्या वेली. लोक दहा सेकंद बघून पुढे जात होते. मी सवयीनं टाके मोजायला लागलो. चाळीस मिनिटांनी पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. त्याला वाटलं असावं, माणूस एवढा वेळ एका टोपीकडे बघतोय म्हणजे काहीतरी बेत आहे. तीस वर्षांच्या नोकरीत मला नाकारण्यासारखं काही सापडलं नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं.

परत आल्यावर वाचायला लागलो. एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली आणि १६०३ साली गेली. म्हणजे आपली चांदबीबी तिच्याच काळातली. म्हणून गावात कोणी विचारलं, तर मी "चांदबीबीच्या वेळचं भरतकाम" असं सांगायला लागलो. नगर जिल्ह्यात एवढ्या एका वाक्यावर कुठलीही गोष्ट खपते. हे काळ्या रेशमाचं काम तिकडे 'स्पॅनिश काम' म्हणूनही ओळखलं जायचं; एलिझाबेथच्या बापाची पहिली बायको स्पेनची, तिच्या नावाशी ते जोडलेलं आहे. आणि त्यातला मुख्य टाका आज 'होल्बाइन टाका' म्हणून ओळखला जातो. हान्स होल्बाइन हा चित्रकार. त्यानं दरबारी लोकांच्या चित्रांत त्यांच्या बाह्यांवरचं भरतकाम इतकं बारीक रंगवलं, की टाका त्याच्याच नावावर चढला. ज्या बायकांनी तो घातला, त्यांची नावं कुठेच नाहीत. यात मला काही नवल वाटलं नाही. सभामंडप गवंडी बांधतो, फरशीवर नाव आमदाराचं असतं.

तशीच एक टोपी बायकोसाठी भरायची ठरवली, नक्षीचा नकाशा मिळवला आणि सामान आणायला नगरला कापड बाजारात गेलो.

"काळं रेशीम पाहिजे. बारीक."

दुकानदारानं बाळाचा करदोटा पुढे केला. "नातू झाला का, काका?"

"नाही. भरतकामाला."

"काकूंना पाठवा ना मग. त्यांना बरोबर कळंल."

"मलाच करायचंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, गल्ल्यावरच्या वडिलांकडे बघितलं आणि अतिशय हळुवार आवाजात विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

त्याचीही चूक नव्हती. भरतकाम म्हणजे मुलींच्या शाळेतला शिवणाचा तास, मॅटीचं कापड, गोल लाकडी रिंग आणि दारावरचं 'सुस्वागतम्'. पण एलिझाबेथच्या लंडनमध्ये भरतकामावर पोट भरणारे कारागीर बहुतेक पुरुषच होते. त्यांचा संघ होता आणि १५६१ साली राणीनं त्याला सनद दिली होती. आपल्याकडे तरी जरदोजीच्या कारचोबावर कोण बसलेलं असतं? संत नामदेव कोण होते? हे सगळं मी शेजारच्या काकूंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साडीला फॉल लावायचे किती घ्याल?" आठवड्याभरात दारात तीन साड्या आणि एक काजं करायचा कुर्ता येऊन पडला. संघ, सनद, राणी यांचा सुप्यात पिको-फॉलपुढे टिकाव लागला नाही.

सुया बाहेरून मागवाव्या लागल्या. ते पार्सल पोचवणाऱ्यांनी इमानेइतबारे बारामतीच्या सुप्याला नेऊन टाकलं. तिथल्या कोणा भल्या माणसानं फोन करून विचारलं, "तुम्ही सुया मागवल्यात का? आमच्या दवाखान्यात कोणी घेईना." शहाजीराजांची जहागीर फिरून सुया बाराव्या दिवशी घरी आल्या.

आता टाका. ऐकायला तो अगदी सोपा आहे. पहिल्या फेरीला साधा धावदोरा घालायचा. कापडाचे दोन धागे मोजून वर, दोन धागे मोजून खाली. तुटक रेघ दिसते. टोकाला पोचलात की वळायचं आणि आलेल्या वाटेनंच परत यायचं. जाताना जिथे दोरा खाली होता तिथे येताना वर घ्यायचा. रिकाम्या जागा भरतात आणि दोन्ही बाजूंना एकसारखी अखंड रेघ उमटते. गाठ मारायची नाही, टोक टाक्यांखाली मुरवायचं. कारण त्या काळात गळ्याच्या आणि मनगटाच्या झालरी हलताना दोन्हीकडून दिसायच्या. झाकून ठेवायला उलट बाजू नव्हतीच.

खरी गंमत फांद्यांपाशी येते. वेल सरळ जात नाही, तिला पानं फुटतात, तणावे फुटतात. हायवे सोडून एसटी जशी फाट्यावरून आत वळते, गावात जाऊन फिरून परत हायवेला लागते, तसं प्रत्येक पानात जाऊन परत मूळ देठावर यायचं. एखाद्या पानात धागे दोनाच्या ऐवजी तीन मोजले गेले, की परतीच्या फेरीला आपण भलत्याच फाट्यावर उतरलेले असतो. तिथून घरी यायला एकच वाहन असतं, उसवणं. सुरुवातीला मी दिवसभरात जेवढं भरायचो, त्यापेक्षा जास्त संध्याकाळी उसवायचो. बायको म्हणाली, "तुम्ही आता मायनसमध्ये गेलाय."

उजेडाचाही प्रश्न होता. पांढऱ्या कापडावरचे धागे ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत म्हणून मी गच्चीवर बसायचो. सुप्याला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, हे तिथे बसून सुई ओवायला लागल्यावर कळलं. दोरा सुईच्या नेढ्याकडे सोडून सगळीकडे जायचा. शेवटी मी पवनचक्क्यांकडे पाठ करून, उपरण्याचा आडोसा धरून, जीभ दाताखाली दाबून ओवायचो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, काका गच्चीवर चोरून विडी पेटवतायत.

ओवण्यावरून आठवलं. टॉमस स्टीव्हन्स नावाचा एक इंग्रज पाद्री १५७९ साली, याच राणीच्या अमलात, गोव्याला आला. मराठी शिकला, नुसता शिकला नाही तर तिच्या प्रेमात पडला, आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ ११ हजार ओव्या! त्या काळच्या एका इंग्रजानं एवढ्या मराठी ओव्या ओवल्या, आणि आम्हाला त्या काळच्या इंग्रजांचा एक दोरा ओवता येईना. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यानं दोऱ्याला थुंकी लावली आसंल. तू चष्मा लावून नुसता बघत बसतोस."

मे महिन्यात सुई हरवली. पार्सलमधली एक तुटली होती, एक मी बोटात घातली होती. ही शेवटची चांगली. घरात सुई हरवणं म्हणजे काय, ते घरात सुई हरवल्याशिवाय कळत नाही. आईनं फर्मान काढलं, सापडेपर्यंत कोणी बसायचं नाही. जेवणं उभ्यानं झाली. शेजारच्या काकू फॉलच्या साडीची चौकशी करायला आल्या, त्यांनाही दारात उभं ठेवलं. गाद्या झटकल्या, फ्रीजवरचं लोहचुंबकाचं फुलपाखरू काढून ते फरशीवरून फिरवलं. त्याला दोन यू-पिना आणि कधीचा एक मळसूत्राचा खिळा लागला.

मला आपलं वाटत होतं, हे सगळं कुठेतरी वाचलंय. आणि खरंच होतं. 'गॅमर गर्टन्स नीडल' नावाचा एक जुना इंग्रजी फार्स आहे, १५७५ साली छापलेला. एका म्हातारीची सुई हरवते. बस्स, एवढंच कथानक. त्यावरून शेजारणी एकमेकींच्या झिंज्या धरतात, पाद्र्याचं डोकं फुटतं, प्रकरण न्यायाला बसलेल्यापर्यंत जातं. तेव्हा चांगली पोलादी सुई ही महागाची, परदेशातून येणारी चीज होती, म्हणून सगळा गाव पेटतो. शेवटी कोणीतरी गड्याच्या ढुंगणावर चापट मारतो, तो किंचाळतो, आणि सुई त्याच्याच विजारीत सापडते. हे मी आईला उभ्या उभ्या रंगवून सांगत होतो. तिनं ऐकता ऐकता माझ्या सदऱ्याच्या कॉलरला हात घातला आणि सुई काढून हातात दिली. दोऱ्यासकट. "पाचशे वर्षं झाली तरी गडी तसेच," एवढंच म्हणाली.

अशा वेळी मला इतिहासातले मोठे कारागीर आठवायचे आणि धीर यायचा. स्कॉटलंडची राणी मेरी. एलिझाबेथनं तिला १९ वर्षं कैदेत ठेवलं. मेरीनं भरतकाम केलं. एका चौकोनात तिनं एक तांबूस मांजर भरलंय, जवळ एक उंदीर. एलिझाबेथचे केस तांबूस होते, हे लक्षात घेतलं की मांजर कोण नि उंदीर कोण ते सांगावं लागत नाही. १५८७ साली मेरीचं मुंडकं उडवलं, पण मांजर आहे. आणि खुद्द एलिझाबेथ? ती अकरा वर्षांची असताना तिनं सावत्र आईला नववर्षाची भेट दिली होती. एका फ्रेंच काव्याचं स्वतः केलेलं भाषांतर, वर निळ्या भुईवर सोन्या-चांदीच्या तारांची गुंफण भरलेलं वेष्टण. तेही तिनंच भरलं असं मानतात. सोबतच्या पत्रावर तारीख वर्षाच्या शेवटच्या दिवसाची, १५४४ ची. पत्रात पोर विनवते, की चुका असतील त्या सुधारून घ्या आणि तोवर हे दुसऱ्या कोणाला दाखवू नका. पुढे स्पेनच्या आरमाराला न घाबरलेली बाई, पण अकराव्या वर्षी तिलाही धास्ती हीच, कोणी पालथं करून बघेल. ते पुस्तक आता ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे आणि सगळं जग बघतं.

योगायोग पुढे आहे. याच राणीनं १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, तीही ३१ डिसेंबरलाच. त्याच वर्षी इकडे चांदबीबी मारली गेली होती आणि ऑगस्टात नगरचा किल्ला मोगलांनी घेतला होता. म्हणजे एका ३१ डिसेंबरला हिनं आईला वेष्टण दिलं आणि छपन्न वर्षांनी दुसऱ्या ३१ डिसेंबरला आपल्याला कंपनी दिली. पहिल्या भेटीबद्दल तिनं निदान चुका सुधारून घ्या म्हटलं होतं.

मीही मग मुदत घातली ३१ डिसेंबर. कारखान्यात सवय होती, वर्षअखेरीला माल गेलाच पाहिजे. दिवाळीत फराळाचं ताट बाजूला ठेवून भरलं. एका वाचनानं मधेच धक्का दिला. त्या काळच्या काळ्या रेशमाच्या रंगात लोखंड असायचं, आणि तो रंगच हळूहळू रेशमाला खातो. कित्येक जुन्या टोप्यांवर आता वेल नाही, वेल जिथे होती तिथली सुईची भोकं तेवढी उरली आहेत. मी आईला म्हणालो, "एवढं करून शेवटी भोकंच राहायची." आई तेव्हा गोधडी घालत होती. जुन्या दोन लुगड्यांच्या आत माझ्या कारखान्याचे तीन युनिफॉर्म गेले होते. ती म्हणाली, "भोकं सारखी हाईत का, ते बघत्यात पुढचे."

३१ डिसेंबरला, वीज जाऊन आल्यावर, रात्री पावणेअकराला शेवटचं टोक मुरवलं. माथ्यावरची शिवण जुन्या रीतीनं कडेला कड भिडवून जाळीच्या टाक्यानं जोडली होती, दाब कुठेही नव्हता. दोन्ही बाजूंच्या वेलींचे टाके मोजले. नकाशात जेवढे, तेवढेच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. क्वालिटी पास! बायकोला आरशासमोर बसवलं आणि टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

ती अंबाड्यावर भज्यासारखी बसली. कानापर्यंत येणं दूरच.

माझी चूक मला दुसऱ्या दिवशी सापडली. नकाशा ज्या कापडासाठी होता, त्यापेक्षा मी आणलेलं लिनन बरंच बारीक सुताचं होतं. मोजून भरायच्या कामात टाके तेवढेच राहिले, तरी सूत बारीक असलं की नक्षी लहान येते. मी अकरा महिने टाके मोजले, पण एका इंचात धागे किती हे एकदाही मोजलं नाही. कॅलिपर कपाटात होता. बायको एक शब्द बोलली नाही. टोपी हातात घेतली, सावकाश पालथी केली आणि माझ्या आईकडे बघितलं. बत्तीस वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती. पण मागे पुठ्ठा नव्हता, गाठ नव्हती, उडी नव्हती. तिनं पुन्हा सुलट केली, पुन्हा पालथी केली आणि गोंधळून म्हणाली, "यातली सुलट कुठली?"

आई त्या दिवशीही काही बोलली नाही. टोपी पंधरवडाभर टीव्हीवर पडून राहिली. तिच्याकडे बघून मला एक वाचलेली गोष्ट आठवायची. इंग्लंडात बॅक्टन नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये एक भरजरी वस्त्र होतं, वर्षानुवर्षं तिथे देवाच्या टेबलाचं आच्छादन म्हणून जपलेलं. अभ्यासकांना अलीकडे दिसलं, की ते एलिझाबेथच्या पोशाखाचा तुकडा असण्याची बरीच शक्यता आहे. मला यात नवीन काही वाटलं नाही. आपल्याकडे शालूचा परकर होतो, परकराचं झबलं होतं, झबल्याचं देवाचं आसन होतं. कापडाला शेवटी कुठे जायचं ते बाईच ठरवते, शिवणारा नव्हे.

संक्रांतीला शेजारच्या काकूंच्या नातीचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाट मांडलेला, भोवती आळीतली सगळी पोरं बोरांवर टपून बसलेली. ऐनवेळी काकू दारात, "आहो, सगळं काळं आणलं, टोपरं राहिलं!" मी काही म्हणायच्या आत आईनं टीव्हीवरून टोपी उचलली आणि घेऊन गेली. मागोमाग मी. टोपी त्या पोरीच्या डोक्यावर मापानं केल्यासारखी बसली. कान झाकले, मानेमागची नाडी आवळली, कपाळावर काळी वेल उतरली. मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा सगळं एकदम ओतलं आणि पोरं तुटून पडली. राणीच्या काळच्या त्या टोपीत चुरमुरे अडकले. पोरगी टाळ्या वाजवत होती.

जमलेल्या बायकांनी टोपी पाहिली, हात लावला. "कुठून आणली?" "यंत्रावरची दिसतीय, इतकं सारखं हातानं येत नाही." मी छाती फुगवून पुढे होणार, तेवढ्यात आईनं मला कोपरानं मागे ढकललं आणि कानाशी तोंड आणलं.

"उलटी घातलीय मी मगाशी, गडबडीत. कुनाला कळंना झालंय. मलासुदिक."

त्या दिवसापासून मी काहीही नाकारलेलं नाही. पोळीसुद्धा.